बीटल (१९६८, १३००) ऑईल गळती: मेन सील दोनदा बदललं तरी डाग तसाच

कासववाला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

आमच्याकडे १९६८ ची फोक्सवॅगन बीटल आहे, १३०० इंजिन, म्हणजे १२८५ सीसी. मामांनी मुंबईत सेकंडहँड घेतलेली. आमच्या आळीत सगळी पोरं तिला कासव म्हणायची म्हणून हा आयडी. मामा गेल्यावर मामीने किल्ली माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, भंगारात देऊ नकोस. आता तीन वर्षं झाली, गाडी पुण्यात माझ्याकडे आहे, रविवारी काढतो.

प्रॉब्लेम असा आहे की रात्रभर उभी राहिली की खाली भाकरीएवढा डाग पडतो. साधारण ६०० किमीला लिटरभर ऑईल घालावं लागतंय. सिग्नलला थांबलो की मागून जळक्या ऑईलचा वास येतो, डाव्या बाजूने पातळ निळसर धूर पण दिसतो. एका गॅरेजमध्ये (नाव लिहीत नाही) इंजिन उतरवून फ्लायव्हीलमागचं (गिअरबॉक्सकडच्या बाजूचं) मेन सील, म्हणजे ऑईल अडवणारं रबरी कडं, बदललं, आठ दिवसांत परत डाग. परत उतरवलं, परत नवीन सील, परत तेच. आता ते म्हणतायत की पूर्ण इंजिन खोलायचं, क्रँककेसचे (इंजिनाच्या बाहेरच्या खोक्याचे) दोन्ही भाग फेस, म्हणजे घासून सपाट, करायचे. खर्चाचं बघू कसंतरी, पण एकदा इंजिन खोललं आणि ते परत धड जुळलं नाही तर काय करू ही भीती आहे. ऑईलचा दिवा सुरू केल्यावर लगेच विझतो, पिकअप ठीक आहे, क्लच घसरत नाही. सुरुवात कुठून करू?

रिटायर्ड_फिटर_नाशिक
अरे बाबा आधी थांब. इंजिन खोलायचं नाव सध्या काढू नकोस.

तूच लिहिलंयस की क्लच घसरत नाही. मेन सील जोरात गळत असतं तर ऑईल क्लच प्लेटपर्यंत गेलं असतं आणि चढाला क्लच घसरला असता. तसं होत नाहीये म्हणजे भाकरीएवढा डाग दुसरीकडून येतोय असं माझं म्हणणं.

या इंजिनात एक गोष्ट कायम डोक्यात ठेवायची. वर पंखा आहे, तो सगळा वारा सिलिंडरवरून खाली दाबतो. वरती कुठेही ऑईल सुटलं तरी वारा ते खाली नेतो आणि खालच्या पत्र्यांवर, हेडवर, सायलेन्सरवर पसरवतो. म्हणून खालून बघणाऱ्याला वाटतं सगळं इंजिनच गळतंय. डाग जमिनीवर कुठे आहे त्यावरून निदान करायचं नाही, ओलं झालेली सगळ्यात वरची जागा शोधायची.

आणि ती शोधायला आधी इंजिन स्वच्छ पाहिजे. पन्नास वर्षांची काळी राब (घाणीचा थर) बसलेली असताना कुणालाच काही कळणार नाही, मला पण नाही. डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर आणि डायनामोला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांध, रॉकेल नाहीतर डिझेल आणि जुना रंगाचा ब्रश घे, खरवडून काढ. प्रेशर वॉशर अजिबात मारू नकोस. सगळं पुसून पूर्ण कोरडं झालं की क्रँककेसच्या बुडाला, पुशरॉड ट्यूबच्या (क्रँककेसपासून हेडपर्यंत जाणाऱ्या नळ्यांच्या) टोकांना, रॉकर कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडेला, ऑईल पंपाच्या झाकणाला साधी टाल्कम पावडर मार. वारा लागतो तिथली उडेल, उरेल तेवढी पुरते. मग खाली मोठा पुठ्ठा टाक, त्यावर पेनाने चाकं, पुली, गिअरबॉक्स कुठे येतात ते आखून ठेव. दहा मिनिटं इंजिन चालव आणि दर दोन मिनिटांनी टॉर्च घेऊन बघ. पहिली रेघ कुठे ओली होते ते इथे लिही.

आणखी एक. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या मधून जे ऑईल टपकतंय त्याचा एक थेंब बोटावर घे आणि वास घे. गिअर ऑईलला उग्र गंधकासारखा वास असतो, इंजिन ऑईलला तसा नसतो. हे केल्याशिवाय मेन सीलला हात लावायचाच नसतो.

पणजीकर
माझ्याकडे १३०० च आहे, कॉर्कवरूनच सुरू कर, सगळ्यात स्वस्त काम. रॉकर कव्हरचं कॉर्क पॅकिंग कव्हरच्या बाजूला चिकटव, हेडच्या बाजूला फक्त ग्रीसचा हात. दोन्हीकडे गम लावला तर पुढच्या वेळी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करायला कव्हर काढलंस की कॉर्कचा चुरा होणार. आणि कव्हर धरणारी जी तार असते ती घट्ट बसावी म्हणून वाकवू नकोस, कव्हरची कडच वाकडी झाली असेल तर हातोडीने सरळ करून घे. आमच्याकडे पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहते, कॉर्क सुकतं, दरवर्षी मी नवीन लावतोच.

मेधा_सातारा
कासववाला, दोन प्रश्न. एक, गॅरेजने शेवटच्या वेळी ऑईल किती लिटर घातलं? बिलावर असेल. दोन, डिपस्टिक बघताय ती सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाचेक मिनिटं थांबून बघताय का?

विचारण्याचं कारण, या इंजिनात फक्त अडीच लिटर ऑईल मावतं. आपल्या गॅरेजना तीन-साडेतीन लिटरच्या गाड्यांची सवय, डबा आणला की सगळा ओततात. आणि या इंजिनाच्या पुलीला रबरी सील नाहीच मुळी. पुलीच्या नळीवर आटे पाडलेत, ती फिरताना ऑईलला आत ढकलत राहते, एवढीच व्यवस्था. लेव्हल वर गेली किंवा क्रँककेसमध्ये हवेचा दाब वाढला की तिथून ऑईल बाहेर येतं आणि पंख्याच्या पट्ट्याने सगळीकडे उडतं. ऑईल ओततो तिथून खाली येणारी ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी तुंबलीय का तेही बघा. आमच्या गाडीला हे कळायला दीड वर्ष गेलं म्हणून कळकळीने सांगतेय.

स्पीड_अण्णा
मी तर सांगीन एवढा कुटाणा कशाला. घट्ट ऑईल भरा, गळती थांबवायचं लिक्विड मिळतं ते टाका, आणि खालून सगळ्या जॉइंटला लाल सिलिकॉन दाबून मारा. माझ्या जीपला तीन वर्षं काही झालं नाही.

रिटायर्ड_फिटर_नाशिक
अण्णा, जीपला चाललं असेल, इथे ते करू नका, मी हात जोडून सांगतो. या इंजिनाला ऑईल फिल्टरच नाही. बुडाला एक गोल जाळी आहे, बस. सिलिकॉन दाबून मारलं की जेवढं बाहेर दिसतं तेवढंच आत फुगतं, ते तुटून जाळीवर आणि तिथून पंपात जातं. मी स्वतः असं इंजिन खोललंय, जाळीत लाल सिलिकॉनचे तुकडे आणि मेन बेअरिंग खरवडलेलं. आणि ऑईलनेच तर हे इंजिन थंड होतं, फक्त वाऱ्याने नाही. घट्ट ऑईल कूलरमधून नीट फिरलं नाही की उष्णता वाढणार, आणि उष्णता वाढली की मॅग्नेशियमची केस वाकणार. मग खरीखुरी गळती सुरू होते जी कशानेच थांबत नाही.

कासववाला
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पूर्ण दिवस यात गेला. पाच लिटर डिझेल, दोन ब्रश, आणि बायकोची जुनी पावडर संपली. खाली क्रँककेसवर कोरलेले आकडे मला पहिल्यांदाच दिसले, इतकी वर्षं ते राबेखाली होते.

आता एकेक सांगतो.

मेधाताई, बिल काढलं. ३ लिटर. म्हणजे अर्धा लिटर जास्त. वरच्या खुणेच्याही बोटभर वर ऑईल होतं आणि मी ते बघून खूश होत होतो की चला भरपूर आहे. लेव्हलला आणलं. पुलीच्या मागे जो ओला पट्टा दिसायचा तो बराचसा गेला.

बुडाच्या जाळीची प्लेट: सहा नटांपैकी एक फिरतच राहतो, स्टडचा आटा गेलाय. तांब्याचे वायसर असायला हवेत तिथे साधे लोखंडी आहेत. एक थेंब तिथे लोंबकळत होता.

उजवं रॉकर कव्हर: कडेला ओलं.

फिटर काका, वासाचं तुम्ही सांगितलं ते केलं. गिअरबॉक्सच्या बाजूच्या थेंबाला गिअर ऑईलचा वास आहे, उग्र, ओळखू येतो. म्हणजे दोन वेळा इंजिन उतरवून जे सील बदललं ते मुळात गळतच नव्हतं बहुतेक.

पण मोठी गळती या कशातच नाही. इंजिन सुरू केल्यावर पहिल्या दोन मिनिटांत डाव्या बाजूने, तीन नंबर सिलिंडरच्या खालच्या पत्र्यातून ऑईलची धार सुरू होते. धार म्हणजे दोऱ्यासारखी, पण थांबत नाही. आणि गंमत अशी की इंजिन गरम झालं की ती कमी होते.

श्टुटगार्टहून
"थंड असताना जास्त, गरम झाल्यावर कमी" हे वाक्य वाचून लिहितोय. ऑईल कूलर. इथे वीस वर्षं एअरकूल्ड गाड्यांवर हात मारतोय, हे लक्षण मी बऱ्याचदा बघितलंय.

तुमच्या वर्षाच्या इंजिनात ऑईल कूलर पंख्याच्या पत्र्याच्या आत, डाव्या बाजूला उभा असतो, बरोबर तीन नंबरच्या डोक्यावर. (म्हणूनच तीन नंबर बाकीच्यांपेक्षा जास्त तापतो, १९७१ पासून कंपनीने कूलर बाजूला घेतला तो त्यासाठीच.) कूलर क्रँककेसवर दोन छोट्या रबरी सीलवर बसतो. ती कडक झाली की ऑईल तिथून सुटतं आणि वारा ते सरळ तीन आणि चार नंबरवर खाली ढकलतो. खालून पुशरॉड ट्यूब गळल्यासारखं दिसतं, लोक ट्यूब बदलतात आणि हताश होतात.

थंड असताना ऑईल घट्ट, म्हणून दाब सगळ्यात जास्त. आता महत्त्वाचं. कूलरला दोष देण्याआधी प्रेशर रिलीफचा पिस्टन बघा. पुलीच्या बाजूला, डावीकडे खाली एक मोठा स्क्रू आहे, रुंद खाच असलेला. त्याच्या आत स्प्रिंग आणि छोटा पिस्टन. थंड ऑईलचा दाब वाढला की पिस्टन खाली सरकतो आणि ऑईलला कूलर टाळून जायला वाट देतो. तो वरच अडकला तर सगळा दाब कूलरवर येतो, आणि तुम्ही कितीही नवीन सील लावा, ती परत जाणार. स्क्रू काढल्यावर पिस्टन आपल्या वजनाने खाली आला पाहिजे. नाही आला तर आत १० एमएमचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलकेच फिरवून ओढून काढतात.

सीलचे प्रकार नीट बघा. १९७० पासून कूलरची भोकं ८ एमएमवरून १० एमएम झाली. तुम्हाला ८ ची हवीत. चुकीची बसवली तर बसल्यासारखी वाटतात, गळतात मात्र पहिल्या दिवसापासून. गणपतीला मी घरी येतोय, गॅस्केट सेट, कूलरची सील, पुशरॉड ट्यूब आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील घेऊन येतो, पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा.

मेधा_सातारा
+१. आणि इंजिन उतरवाल तेव्हा बॅटरी आधी काढा, मागच्या सीटखाली आहे. पेट्रोलची नळी काढून पेन्सिल खुपसून बंद करतात तसं करा. नळी जुनी असेल तर तीही बदला. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, जुनं रबर त्याने मऊ पडून चिरतं. वर पेट्रोल, खाली गरम ऑईल आणि मॅग्नेशियमचं इंजिन. गळतीचा धागा आहे पण मला ही नळी जास्त काळजीची वाटते.

कासववाला
उशिरा लिहितोय, पण पूर्ण लिहितोय म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

श्टुटगार्टवाल्या दादांनी सामान घरी आणून दिलं, चहा पण घेतला नाही, आधी गाडी बघू म्हणाले. शनिवारी आम्ही चौघांनी इंजिन उतरवलं. चार नट-बोल्ट, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबल, वायरी, पेट्रोलची नळी (पेन्सिल खुपसली!) आणि मग ते मागे सरकवून ट्रॉली जॅकवर खाली. गॅरेजवाल्यांनी जे दोनदा केलं ते आपण स्वतः केलं याचं फार बरं वाटलं.

फ्लायव्हीलची मागची बाजू अगदी कोरडी. मेन सील ठणठणीत. बेलहाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या खोक्यात) जे होतं ते सगळं गिअरबॉक्सचं ऑईल. क्लचचं बेअरिंग काढलं की इनपुट शाफ्टचं सील समोर दिसतं, त्याची ओठासारखी कड फाटलेली होती. अर्ध्या तासात बदललं.

मग रिलीफचा पिस्टन. स्क्रू काढला, स्प्रिंग आली, पिस्टन नाही आला. टॅप लावून काढला तर एका बाजूला उभी ओरखड्याची रेघ आणि तपकिरी थर. बारीक पॉलिश पेपरने ऑईल लावून साफ केला, भोक कापडाने पुसलं, आता बोटाने सोडला की टप्पकन पडतो.

पंख्याचा पत्रा उचलला आणि कूलर काढला. त्याखाली जी सील होती ती बीटलची नव्हतीच. कुठले तरी साधे ओ-रिंग, दोन वेगवेगळ्या जाडीचे, आणि वाळलेल्या खारकेसारखे कडक. नखाने दाबले तर एकाचे तुकडे पडले. भोवती काळा कोळसा झालेलं ऑईल, बोटभर थर. हे कधी कुणी घातले माहीत नाही, मामांच्या काळातलेच असतील. मी ते दोन्ही ओ-रिंग एका डबीत ठेवलेत.

कूलर रेडिएटरवाल्याकडे नेऊन ६ किलो दाबाला पाण्यात बुडवून तपासला, एक बुडबुडा नाही. म्हणजे कूलर चांगला, फक्त सील. नवीन ८ एमएमची बसवली.

आता इंजिन बाहेरच होतं म्हणून डाव्या बाजूच्या चारही पुशरॉड ट्यूब पण बदलल्या. हेड काढायला नको म्हणून दोन तुकड्यांच्या स्प्रिंगवाल्या ट्यूब घेतल्या. ज्यांना कंपनीसारख्या अखंड ट्यूब घालायच्यात त्यांना दादांनी सांगितलेलं लिहून ठेवतो: हेड बसवण्याआधी ट्यूब हाताने ओढून १९० ते १९१ मिमी लांब करायची, दोन्ही बाजूंचा चुण्यांचा भाग सारखा ताणला गेला पाहिजे, आणि ट्यूबची जोडाची रेघ वर ठेवायची.

जाळीच्या प्लेटला नवीन स्टड, आटा दुरुस्त करून. तांब्याचे वायसर. नट फक्त छोट्या पान्याने, मनगटाच्या जोरावर, कारण ते मॅग्नेशियममधले ६ एमएमचे स्टड आहेत, मोठा पाना लावला की आटा गेलाच.

आणि एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. डाव्या सिलिंडरखालचा एक पत्रा गायब होता, आणि इंजिनाभोवतीची रबरी पट्टी अर्धी तुटलेली. फिटर काका म्हणाले खालची गरम हवा तिथून परत वर येते आणि पंखा तीच ओढतो. पेठेत पत्र्याचं काम करणाऱ्या एका काकांकडून उजव्या बाजूच्या पत्र्यावरून उलटा साचा काढून पत्रा करून घेतला.

पणजीकर
अप्रतिम काम! पट्टीचं मी पण लगेच बघतो. पुठ्ठ्याचा निकाल?

कासववाला
पुठ्ठ्याचा निकाल. काल पुणे, वाई, पसरणी घाट, पाचगणी आणि परत. जाऊन येऊन दोनशे किमी. मामीला पुढे बसवलं होतं. घाटात तिसरं वळण गेल्यावर ती म्हणाली, वास येत नाहीये रे. मामांच्या वेळी घाट चढताना कायम वास यायचा, ते म्हणायचे ही गाडी अशीच असते. तिने काच खाली केली आणि वरपर्यंत तशीच ठेवली.

रात्री पुठ्ठा टाकला. सकाळी डावीकडे काही नाही. गिअरबॉक्सखाली काही नाही. जाळीखाली काही नाही. पुलीखाली दोन थेंब, उजव्या रॉकर कव्हरखाली एक. डिपस्टिक जिथे होती तिथेच.

रविवारी उजवं कॉर्क बदलतोय आणि टॅपेट पण बघतो, ०.१५ ला सेट करायचेत ना? स्वतः पहिल्यांदाच करणार आहे.

रिटायर्ड_फिटर_नाशिक
हो, ०.१५ मिमी, आणि पूर्ण थंड इंजिनावर. शनिवारी संध्याकाळी मी पुण्यात मुलीकडे येतोय. रविवारी सकाळी गाडी सुरू करू नकोस, रात्रभर थंड राहू दे. फीलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या) माझं घेऊन येतो.